कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा: परताव्याच्या पत्रावर सही करण्याआधी

कर्जासोबत लावलेल्या विम्याचे पैसे परत मागितले की कंपनीकडून येणारं परताव्याचं पत्र सहसा एकाच पानाचं असतं. वर तक्रार क्रमांक, मधोमध रक्कम आणि तळाला बारीक अक्षरात एक वाक्य: ‘वरील रक्कम पूर्ण व अंतिम तडजोड म्हणून मला मान्य असून यापुढे या विषयावर माझा कोणताही दावा राहणार नाही.’ पाठोपाठ शाखेतून फोन येतो, “आज सही करून पाठवा, दोन दिवसांत जमा होतील.” सहा-आठ महिने हेलपाटे मारून वैतागलेला माणूस सही करून टाकतो. मग पंधरा दिवसांनी आमच्या मदत टेबलापाशी येऊन विचारतो, “आता उरलेले कधी मिळतील?” त्याला काय सांगायचं, हा आमच्यापुढचा दर शनिवारचा प्रश्न. म्हणून सही करायच्या आधी काय पाहायचं ते इथे लिहितो आहे.

हा विमा कोणता? गृहकर्ज, वैयक्तिक कर्ज किंवा वाहनकर्ज घेताना ‘लोन प्रोटेक्ट’, ‘कर्ज सुरक्षा’ अशा नावाने लावला जातो तो. बहुतेक वेळा एकरकमी हप्त्याचा असतो आणि ती रक्कम तुमच्या खिशातून न घेता कर्जातच मिळवली जाते. विमा मुळात वाईट नाही. कर्जदार गेला तर घर वाचतं. पण ‘विमा घेतल्याशिवाय फाईल पुढे जाणार नाही’ असं सांगणं, न विचारताच लावणं, किंवा हा विमा नसून प्रोसेसिंग फी आहे असं भासवणं, हे चुकीचं आहे. कर्जासाठी विशिष्ट कंपनीचाच विमा घ्या अशी सक्ती बँकेला करता येत नाही.

तक्रार कोण करू शकतं? ज्याच्या नावावर विमा आहे तो, आणि तो हयात नसेल तर वारस किंवा नॉमिनी. पण कर्जदार गेला असेल तर परतावा मागू नका, दाव्याची रक्कम मागा. हे मुद्दाम सांगतो, कारण वडील गेल्यावर ‘फसवून दिलेला विमा रद्द करा’ असा अर्ज लिहून आणलेला एक मुलगा मी पाहिला आहे. अर्ज वेळेत थांबवला म्हणून बरं.

जे कागद कोणाकडेच नसतात

मंजुरीपत्र असतं, कर्जाचा खातेउतारा मिळतो, आधार-पॅन तर खिशातच. अडतं ते विमा प्रमाणपत्रावर. हा विमा बहुतेकदा समूह पॉलिसीतला असतो. मूळ पॉलिसी बँकेच्या नावावर, आणि तुम्ही तिचे एक सभासद. त्यामुळे तुम्हाला पॉलिसी नव्हे, प्रमाणपत्र मिळायला हवं. ते मिळालेलं नसतं, किंवा मिळाल्याचं माहीत नसतं. कंपनी म्हणते, ‘ई-मेलवर पाठवलं होतं.’ तेव्हा पहिला प्रश्न विचारा: कोणत्या ई-मेलवर? फॉर्ममध्ये तुमच्याऐवजी भलताच पत्ता किंवा मोबाईल नंबर लिहिलेला निघाला, तर तो तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरतो.

याचं महत्त्व असं, की पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. यालाच ‘फ्री लुक’ म्हणतात. २०२४च्या नियमांआधी ही मुदत साधारणपणे १५ दिवसांची होती. या मुदतीत परत केली तर तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हिस्सा, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क एवढंच कापून बाकी पैसे परत येतात. मुदत मोजायची ती कागद मिळाल्यापासून, कर्ज मिळाल्यापासून नाही. शाखेत नेमकं उलटं सांगतात.

प्रमाणपत्र नसलं म्हणून अर्ज अडवून ठेवू नका. खातेउताऱ्यात कर्जवाटपाच्या दिवशी विम्यापोटी गेलेली रक्कम शोधा आणि बँक व विमा कंपनी, दोघांनाही एकाच दिवशी लेखी मागणी करा: प्रमाणपत्र, सही केलेला सभासद फॉर्म, आरोग्य घोषणापत्र, हप्त्याची पावती आणि पडताळणी कॉलचं, म्हणजे विमा घेतल्याची खात्री करायला कंपनी करते त्या फोनचं, रेकॉर्डिंग. कॉल झाला असेल तर त्यात तुम्ही ‘हो सर, हो सर’ म्हटलेलं असण्याची शक्यता आहे. आधीच ऐकून ठेवलेलं बरं. तुमची सही मराठीत आणि फॉर्म इंग्रजीत असेल, तर मजकूर समजावून सांगितल्याचं निवेदन फॉर्मवर आहे का ते बघा. बऱ्याच फॉर्मवर ती चौकट कोरीच असते.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर झालेल्या रिटेल, म्हणजे व्यक्तींना दिलेल्या घर-वाहनासारख्या, कर्जांसाठी आणखी एक कागद आहे, तो म्हणजे मुख्य तथ्य पत्रक, बँकेच्या भाषेत ‘केएफएस’. विम्यासारखे तिसऱ्या पक्षाचे खर्चही त्यात दाखवावे लागतात. पत्रकात नसलेला खर्च तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय वसूल करता येत नाही. पत्रकात विम्याचा रकाना रिकामा आणि खात्यातून मात्र पैसे गेलेले, अशी दोन पानं शेजारी शेजारी ठेवली की शाखाधिकाऱ्याचा सूर बदलतो.

रक्कम पुरेशी आहे का, हे असं बघा

एक हिशेब मांडतो. कर्ज २० लाखांचं, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. विम्याचा हप्ता जीएसटीसह ८० हजार, तोही कर्जातच. या ८० हजारांपोटी मासिक हप्ता सुमारे ७२० रुपयांनी वाढतो. तीन वर्षांत तुम्ही त्यासाठी जवळपास २५,९०० रुपये भरता आणि त्यातले २१ हजार नुसतं व्याज असतं. विम्याच्या पैशांचं मुद्दल अजून ७५ हजारांच्या आसपास शिल्लक राहतं. वीस वर्षं असंच चाललं तर ८० हजारांच्या विम्याचे तुम्ही एकूण १ लाख ७२ हजारांहून जास्त मोजता.

आता कंपनी म्हणते, ५२ हजार घ्या. ती सगळी रक्कम कर्जात भरली तरी विम्याचं २३ हजार मुद्दल मागे राहतं. म्हणजे अस्तित्वात नसलेल्या विम्याचे हप्ते पुढची सतरा वर्षं चालूच! ६७,८०० च्या आसपास देऊ केले असतील, तर ओळखा की जीएसटीचे १२,२०० रुपये गाळले आहेत. पूर्ण ८० हजार देऊ केले, तर मुद्दल फिटतं आणि थोडे हातात उरतात, बुडतं ते भरलेलं व्याज. ते मागायचा हक्क तुम्हाला आहेच. पण तीन वर्षं जोखीम कंपनीच्या अंगावर होती, असा युक्तिवाद समोरून येणार आणि तो अगदीच पोकळ नाही.

माझं मत विचाराल तर पूर्ण हप्ता जीएसटीसह परत मिळत असेल आणि तुमच्याकडे खातेउताऱ्यापलीकडे फारसा पुरावा नसेल, तर घ्या. व्याजासाठी आणखी वर्ष घालवणं प्रत्येकाला परवडत नाही. निम्म्यावर बोळवण होत असेल तर थांबा. आणि ‘पैसे दुसऱ्या चांगल्या पॉलिसीत वळवून देतो’ असं कोणी म्हटलं, तर चहा पिऊन उठा.

पैशांखेरीज दुसरीही बाजू बघायची असते. परतावा घेतला की संरक्षण संपलं. पन्नाशी ओलांडलेली, मधुमेह आहे, घरात एकटा कमावता, दुसरा टर्म विमा नाही, अशा माणसाने चिडून विमा रद्द करणं मला पटत नाही. त्याला आता नवा विमा मिळेल तो दुप्पट महाग, किंवा मिळणारच नाही. मात्र आरोग्य घोषणापत्रात एजंटाने परस्पर सगळीकडे ‘नाही’ची खूण केली असेल आणि तुम्हाला आधीपासून आजार असेल, तर उद्या दावा वादात सापडू शकतो. मग तो विमा नुसता कागद. म्हणून ते घोषणापत्र आधी मिळवायचं, निर्णय नंतर घ्यायचा.

सरेंडर म्हणजे रद्द नव्हे

शाखेत ‘विमा बंद करायचाय’ असं म्हटलं की पुढ्यात सरेंडरचा फॉर्म येतो. तो भरला की तुम्ही विमा नीट दिला गेला होता हे जणू मान्य करता आणि मधूनच बाहेर पडता. मिळते ती सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे उरलेल्या मुदतीच्या हिशेबाने येणारी रक्कम, हप्त्यापेक्षा बरीच कमी. तुमची मागणी ‘चुकीच्या पद्धतीने विक्री झाल्याने सुरुवातीपासून रद्द करून पूर्ण परतावा’ अशी हवी, आणि याच शब्दांत लेखी हवी. सरेंडर योग्य ठरतं ते कर्ज मुदतीआधी फेडलं आणि विम्याबद्दल तक्रार नसेल तेव्हा. तेव्हाही ते मागावं लागतं, आपोआप कोणी देत नाही.

नाकारलं किंवा कमी दिलं तर

तोंडी तक्रार ही तक्रार नव्हे. साहेबांशी बोलणं झालं असेल, पण पोच किंवा तक्रार क्रमांक नसेल तर काहीच झालं नाही असं धरा. विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा, हवं तर विमा नियामकाच्या ‘विमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंदवा. एक महिना वाट बघा. उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. फी नाही, वकील चालत नाही, तुम्हीच बोलायचं. लोकपालाची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत. तुमचा पत्ता कोणत्या कार्यालयाकडे येतो ते लोकपाल परिषदेच्या संकेतस्थळावर बघून घ्या, चुकीच्या ठिकाणी पाठवलेला अर्ज फिरत बसतो.

सगळ्यात जास्त अर्ज बाद होताना पाहतो ते मुदतीवर. लोकपालाकडे जायला एक वर्ष असतं. ते कर्जाच्या तारखेपासून मोजत नाहीत, म्हणून ‘कर्ज २०२२ चं, आता काय उपयोग’ म्हणून घरी बसू नका. पण कंपनीने नकार दिला त्या दिवसापासून, किंवा उत्तराविना महिना उलटला त्या दिवसापासून ते सुरू होतं. एका निवृत्त शिक्षकांनी नकार आल्यावर चौदा महिने दर महिन्याला सुंदर अक्षरात स्मरणपत्रं पाठवली. प्रत्येक पत्राने मुदत वाढते असा त्यांचा समज होता. स्मरणपत्राने मुदत वाढत नाही.

बँकेच्या वागण्याबद्दल, म्हणजे सक्ती, संमतीशिवाय कपात अशा गोष्टींबद्दल, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ‘सीएमएस’ या तक्रार पोर्टलवर जायचं, चौकशीसाठी १४४४८. तिथेही आधी बँकेला लेखी तक्रार आणि ३० दिवस. मात्र गृहकर्ज गृहवित्त कंपनीचं असेल तर ती तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे जाते, आणि पतसंस्थेचं असेल तर सहकार निबंधकांकडे. कर्ज नक्की कोणी दिलंय हे मंजुरीपत्रावर वाचा, दुकानाच्या पाटीवरून ठरवू नका. पाट्या सारख्याच दिसतात.

ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा. तिथे मुदत दोन वर्षांची, आणि तुम्ही भरलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पण आयोगात प्रकरण चालू असेल किंवा निकाली निघालं असेल, तर त्याच विषयावर विमा लोकपाल तक्रार घेत नाही. दोन्हीकडे एकदम अर्ज टाकणारे हुशार लोक इथे अडकतात.

मान्य करायचं की नाही, हा प्रश्न लोकपालाकडेही येतो आणि तिथे तो दिवसांत मोजतात. विमा लोकपालाने समेटातून शिफारस केली, तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत ‘पूर्ण व अंतिम म्हणून मान्य’ असं तुम्ही लेखी कळवायचं असतं. समेट जमला नाही तर निवाडा होतो. तो कंपनीवर बंधनकारक असतो आणि तिला ३० दिवसांत पाळावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा निवाडा मात्र तुम्ही ३० दिवसांत स्वीकृतीपत्र बँकेला दिलं नाही, तर आपोआप रद्द होतो. जिंकलेलं प्रकरण एका पत्रापायी गेलेलं बघितलं की वाईट वाटतं. निवाड्याच्या पाकिटावरची तारीख जपून ठेवा.

सही करायचीच असेल तर

रकमेची फोड लेखी मागा: मूळ हप्ता किती, जीएसटी किती, व्याज किती, कपात कशाची. पैसे कर्जखात्यात जमा होणार की बचत खात्यात, तेही लिहून घ्या. बचत खात्यात आले आणि तसेच राहिले तर कर्ज जिथल्या तिथे राहतं. तुम्ही काही मान्य करण्याआधीच पैसे खात्यात येऊन पडले, तर त्याच दिवशी ई-मेल करा: ‘ही रक्कम अंशतः परतावा म्हणून, माझे हक्क राखून स्वीकारत आहे.’ पत्राच्या तळाचं ते बारीक अक्षरातलं वाक्य पटत नसेल, तर खोडून सही करण्याचा शहाणपणा करू नका. कंपनी ते पत्र परत पाठवते आणि महिना जातो. वेगळं उत्तर लिहून आपली रक्कम आणि तिचा हिशेब कळवा. दुसऱ्या पत्रात आकडा वाढून आल्याचं मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

पैसे जमा झाले की विमा रद्द झाल्याचं पत्र घ्या आणि घरच्यांना दाखवा, नॉमिनीला खोटी आशा राहू नये म्हणून. महिन्याभराने कर्जाचा नवा उतारा काढा. मुद्दल कमी झाल्यावर हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली जाते, असा अनुभव आहे. हप्ताच कमी हवा असेल तर तसा वेगळा अर्ज द्यावा लागतो, आणि त्याचीही पोच घ्यावी लागते.