पाइपचा गॅस आला म्हणून शेगडी बदलायची?

‘पाइपचा गॅस घेतलात? मग शेगडीही नवीच लागणार,’ हे पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांत वर्षानुवर्षं ऐकू येतं. दुकानदाराला ते सोयीचंच! खरं तर बहुतेक घरगुती शेगड्यांचं फक्त नोझल (बर्नरमध्ये गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड) बदलावं लागतं. सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्यूटेन असतो, पाइपमधून मुख्यतः मिथेन येतो. तेवढ्याच आकारमानाच्या मिथेनपासून निम्म्याहून कमी उष्णता मिळते. दाबही कमी: सिलिंडरच्या रेग्युलेटरनंतर सुमारे ३० मिलिबार, पाइपला साधारण २१. म्हणून नोझलचं भोक मोठं लागतं. ते घरी टोच्याने मोठं करत बसू नका (करणारे महाभाग आहेत); गॅस कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्या. शेगडी खरोखरच गंजली असेल, तर नवी घेताना आयएसआय चिन्ह पाहा आणि ती कोणत्या गॅससाठी आहे, हे आधी विचारा.