लोणारच्या पाण्याचा जमाखर्च

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं आणि तर्कवितर्कांना ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्यातच फोफावणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव सापडले. गुलाबी रंग त्यांच्यातल्या रंगद्रव्याचा. ते तळाशी बसले की वरचं पाणी पुन्हा नितळ! त्यांना एवढं माजायला रान मिळालं, कारण पाणी आटून खारटपणा वाढला होता.

उल्का आदळून झालेल्या या विवरातून एकही ओढा बाहेर पडत नाही. पाऊस, भोवतालच्या उतारांवरून येणारं पाणी आणि ‘धार’ नावाच्या झऱ्यासारखे झरे ही जमेची बाजू. खर्चाची मुख्य बाजू बाष्पीभवन. वाफ होऊन पाणी जातं, क्षार मागे राहतात. म्हणून पातळी थोडी हलली तरी पाण्याची चव, सामू आणि त्यातली जीवसृष्टी बदलते. नदीकाठच्या पाणथळीला ही अडचण नसते, पूर आला की ती धुऊन निघते.

हवामानबदल या हिशोबात दोन्हीकडून हात घालतो. हवा एक अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. कोरड्या दिवसांत ती तेवढी जास्त तहानलेली असते आणि पावसाळ्यात तेच बाष्प एकदम कोसळतं. मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या. भुरभुर पाऊस जमिनीत मुरून झऱ्यांना महिनोन्महिने पुरतो. धो-धो पाऊस मातीसकट थेट सरोवरात उतरतो.

अर्थात २०२० च्या गुलाबी रंगाचं सगळं खापर हवामानबदलावर फोडणं मला पटत नाही. भोवतालच्या विहिरी, बोअरवेल, शेती आणि गावाचं सांडपाणी यांचाही त्यात हात असतोच. शिवाय त्यानंतरच्या वर्षांत उलटंच घडलं. पाणी चढत गेलं आणि काठच्या कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत पोचलं. आपण आटण्यालाच संकट मानतो, भरलेलं तळं दिसलं की खूश होतो. पण इथं गोडं पाणी जास्त झालं की क्षार विरळ होतात, आणि ज्या अल्कधर्मी पाण्यामुळे इथली सूक्ष्मजीवसृष्टी वेगळी आहे तेच पातळ होतं. जास्तीचं पाणी उडून जायला मग उन्हाळ्यामागून उन्हाळे लागतात.

लोणारला २०२० मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळाला. त्यामुळे काठावरची बांधकामं रोखायला बळ मिळेल. झऱ्यांचं पाणी मात्र विवराबाहेर, वरच्या पठारावर किती मुरतं यावरच ठरणार आहे.