फ्लोरिडा कीजला एकट्याने गाडी घेऊन जायचंय? व्हिसापासून मासेमारीच्या परवान्यापर्यंत लागणारे कागद

फ्लोरिडा सिटीच्या पुढे जमीन संपते आणि यूएस-१ हा रस्ता फ्लोरिडा कीज या बेटांच्या माळेवरून, पुलांवरून थेट समुद्रात शिरतो. शेवटच्या बेटापर्यंत, म्हणजे की वेस्टपर्यंत ११३ मैल, वाटेत ४२ पूल. त्यातला सगळ्यात लांब सेव्हन माइल ब्रिज १९८२ साली खुला झाला. नावात सात मैल असले तरी मोजला तर पावणेसातच्या किंचित वर भरतो. एकट्याने गाडी काढावी असाच हा रस्ता आहे. चुकायला जागाच नाही. कडेच्या हिरव्या पाट्यांवरचा मैलांचा आकडा उतरत जातो आणि शून्य आलं की समजायचं, की वेस्ट आलं.

मात्र काही विसरलं, तर तेच अंतर उलटं कापावं लागतं. सोबत दुसरा माणूस असला तर एक जण गाडी चालवतो आणि दुसरा फोनवर बुकिंग शोधतो. एकट्याला ती सोय नाही. म्हणून कागदांचं काम मियामीत उतरण्याआधीच संपवायचं. बेटांवरच्या या रस्त्यासाठी, म्हणजे ओव्हरसीज हायवेसाठी वेगळा परमिट नाही, त्यावर टोलही नाही. वेळ जातो तो त्याआधीच्या आणि आजूबाजूच्या परवानग्यांमध्ये. पुढची माहिती भारतीय पासपोर्टवर, पर्यटक म्हणून जाणाऱ्यांसाठी आहे.

व्हिसा: सगळ्यात लांबचं काम

पर्यटनासाठी लागतो तो बी-२. भारतीयांना तो सहसा बी१/बी२ असा जोडून आणि दहा वर्षांसाठी मिळतो. तुमचा जुना अजून चालू असेल तर हा भाग सोडून थेट लायसन्सवर या.

सुरुवात डीएस-१६० या ऑनलाइन फॉर्मने होते. उघडल्या उघडल्या जो अ‍ॅप्लिकेशन आयडी दिसतो तो आधी कागदावर उतरवून घ्या. वीस मिनिटं काही हालचाल केली नाही की पान बंद पडतं, आणि आयडी नसेल तर पुन्हा श्रीगणेशा. गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया खात्यांची नावं विचारतात, ती लपवू नका. सोबत कोणी आहे का या प्रश्नाला सरळ ‘नाही’ म्हणा. अमेरिकेतला पत्ता म्हणून पहिल्या रात्रीचं हॉटेल चालतं. फोटो दोन बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्म्याशिवाय आणि सहा महिन्यांच्या आतला.

नावाच्या रकान्यात आपल्याकडची मंडळी हमखास अडखळतात. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतील, तर फॉर्ममध्येही तशीच दोन्ही भरा. खाली मातृभाषेच्या लिपीत पूर्ण नाव लिहायचीही जागा आहे. तिथं ‘लागू नाही’वर टिक न करता देवनागरीत नाव लिहून टाका.

अर्जाची फी १८५ डॉलर. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. जुलै २०२५ च्या कायद्यात २५० डॉलरच्या वेगळ्या ‘व्हिसा इंटेग्रिटी फी’ची तरतूद झाली आहे. तुम्ही अर्ज कराल तेव्हा ती घेतात का, हे फीच्या पानावर बघून घ्या. पैसे भरल्यावर दोन अपॉइंटमेंट घ्यायच्या असतात. पहिली बोटांचे ठसे आणि फोटोसाठी, दुसरी वकिलातीतल्या मुलाखतीसाठी. अपॉइंटमेंट घेताना टाकलेला डीएस-१६० चा नंबर आणि हातातल्या कन्फर्मेशन पानावरचा नंबर एकच हवा. फॉर्म दुरुस्त करून नवा भरला आणि अपॉइंटमेंट जुन्याच नंबरवर राहिली, असं बऱ्याच जणांचं होतं. मग दारावरून परत यावं लागतं.

मुलाखतीची तारीख भारतात एकदा विनामूल्य बदलता येते, २०२५ पासून हा नियम आहे. दुसऱ्यांदा बदलायची तर फी पुन्हा भरा. मुलाखत न देण्याची सूट २ सप्टेंबर २०२५ पासून फारच आखडली. आता साधारणपणे आधीच्या पूर्ण मुदतीच्या बी१/बी२ ची मुदत संपून बारा महिने व्हायच्या आत नूतनीकरण करणाऱ्यांनाच ती मिळू शकते. त्याच महिन्यात आणखी एक वाट बंद झाली. भारतात तारखा लांबच्या मिळतात म्हणून लोक दुसऱ्या देशात जाऊन मुलाखत द्यायचे. आता ज्या देशाचे नागरिक किंवा रहिवासी आहात, तिथेच अर्ज करावा लागतो.

खिडकीवर पासपोर्ट, कन्फर्मेशनचं पान आणि अपॉइंटमेंटचं पत्र लागतंच. नोकरीचं पत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट फाईलमध्ये ठेवा. मागतीलच असं नाही, माझी फाईल शेवटपर्यंत बंदच राहिली. मला विचारलं एवढंच, “एकटेच का?” मी म्हटलं, “सहा दिवसांची रजा आहे आणि मला गाडी चालवायला आवडते.” अधिकाऱ्याला कळायचं असतं ते दोनच गोष्टींत: खर्च कोण करतंय, आणि तुम्हाला परत ओढून आणणारं इथे काय आहे. ते पटलं नाही तर अमेरिकी इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१४(ब) खाली नकार मिळतो. तोवर परत न मिळणारी तिकिटं काढू नका.

व्हिसा हाती आला तरी प्रवेशाचा शेवटचा निर्णय विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा असतो. किती दिवस राहता येईल हे व्हिसावर नसतं, आय-९४ या नोंदीवर असतं. पर्यटकाला सहसा सहा महिने मिळतात. हॉटेलवर पोचलात की ही नोंद ऑनलाइन उघडा, तारीख तपासा आणि एक प्रिंट गाडीत ठेवा. पासपोर्टही सोबतच असू द्या.

कीज आणि कागदपत्रं यांचं नातं तसं गमतीचं आहे. एप्रिल १९८२ मध्ये सीमा पोलिसांनी फ्लोरिडा सिटीजवळ या मुख्य रस्त्यावर नाका टाकून गाड्या तपासायला सुरुवात केली. पर्यटक तासन्‌तास खोळंबले. चिडलेल्या की वेस्टने २३ एप्रिलला ‘कॉंक रिपब्लिक’ म्हणून स्वतंत्र झाल्याचं लटकंच जाहीर केलं. त्या नावाचे पासपोर्ट आजही आठवण म्हणून विकत मिळतात. घ्यायचा तर घ्या, पण विमानतळावर बाहेर काढू नका.

लायसन्स आणि आयडीपी

फ्लोरिडात सोळा वर्षांवरच्या पाहुण्याला आपल्या देशाच्या वैध लायसन्सवर गाडी चालवता येते. मग आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी, सक्तीचा आहे असं सगळे का सांगतात? कारण काही महिने तो खरंच सक्तीचा होता. १ जानेवारी २०१३ पासून फ्लोरिडाने तो कायदा आणला. हिवाळ्यात तिकडे येणाऱ्या कॅनडावासीयांनी गहजब केला आणि एप्रिलमध्ये तो रद्द झाला. जुनी माहिती मात्र अजून फिरतेय.

तरीही मी आयडीपी काढा असंच म्हणेन. गाडी भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचे नियम कायद्याहून वेगळे असू शकतात. लायसन्स इंग्रजीत नसेल तर बऱ्याच ठिकाणी तो मागतात. शिवाय अपघात झालाच तर पोलिसाला समजेल असा एक जादा कागद हाताशी असतो. अर्ज सारथी पोर्टलवरून, आपल्या आरटीओकडे, फॉर्म ४-ए वर करायचा. लायसन्स आणि पासपोर्टच्या प्रती तयार ठेवा, काही ठिकाणी व्हिसाची प्रत आणि वैद्यकीय प्रमाणपत्रही मागू शकतात. म्हणून आधी व्हिसा आणि मग आयडीपी हा क्रम सोयीचा. त्याची मुदत एक वर्ष असते, तेव्हा फार आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत पोचल्यावर तो मिळत नाही. मूळ लायसन्सशिवाय त्याला किंमतही नाही. फोनमधलं डिजिटल लायसन्स तिकडे दाखवून उपयोग नाही, कार्डच न्या.

रस्त्यावरचे नियम थोडक्यात: गाडी उजवीकडून. लाल दिव्यावर पूर्ण थांबून उजवीकडे वळता येतं, मनाई करणारी पाटी नसेल तर. कडेला पोलीस, टोइंगची किंवा बंद पडलेली कोणतीही गाडी दिवे लावून उभी असेल तर लेन बदला, नाहीतर वेग बराच कमी करा. बिग पाइन कीवर कुत्र्याएवढ्या उंचीची ‘की डिअर’ हरणं रस्त्यावर येतात. तिथे दिवसा ताशी ४५ मैल आणि रात्री ३५ मैल ही मर्यादा कडक पाळतात. रिकामा रस्ता बघून पाय दाबू नका.

भाड्याची गाडी: काउंटरवरचा अर्धा तास

इथे मी अडकलो होतो. लायसन्सवर माझं, वडिलांचं आणि आडनाव अशी तीन नावं, क्रेडिट कार्डवर फक्त माझं आणि आडनाव. काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही कार्डं शेजारी ठेवली, मधल्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे कोण?” वडील म्हटल्यावर त्यांचा गोंधळ आणखी वाढला. शेवटी पासपोर्ट उघडून दाखवला, तेव्हा कुठे किल्ली मिळाली. बुकिंग करताना नाव पासपोर्टप्रमाणे टाका. कार्ड चालकाच्याच नावाचं, क्रेडिट कार्ड आणि परदेशात चालू केलेलं हवं. डिपॉझिटची रक्कम त्यावर अडकून राहते, डेबिट कार्डाला बऱ्याच ठिकाणी नाही म्हणतात. पंचवीसपेक्षा लहान असाल तर रोजचा जादा आकार पडतो.

विमा दोन वेगळ्या गोष्टींचा असतो. एक भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचा, दुसरा समोरच्याला झालेल्या इजेचा. घाईत लोक पहिलाच घेतात. अमेरिकेतला दवाखान्याचा आणि कोर्टाचा खर्च पाहता दुसरा सोडू नका. स्वतःच्या औषधपाण्यासाठी प्रवास विमा वेगळा.

मियामीहून टर्नपाइक या टोलच्या महामार्गाने गेलात तर टोल नाक्यावर माणूस नसतो, कॅमेरा नंबर प्लेट टिपतो. भाड्याच्या गाडीत टोलची कोणती योजना आहे आणि तिचा रोजचा आकार किती, हे सही करण्याआधी विचारा. टोल टाळायचा तर सुरुवातीपासून यूएस-१ धरा, सिग्नल मात्र मोजत बसाल. पेट्रोल पंपावर मशीन पाच आकडी झिप कोड मागतं आणि आपल्या कार्डाला तो नसतो. आत जाऊन काउंटरवर आधी पैसे भरायचे, की काम झालं.

बेटांवरचे परवाने

पुलाच्या कठड्याला टेकून गळ टाकणारे लोक बघून हात शिवशिवतात. थांबा. किनाऱ्यावरून किंवा पुलावरून मासे धरायलाही बाहेरच्या माणसाला खाऱ्या पाण्याचा परवाना लागतो. तीन दिवसांचा १७ डॉलर, सात दिवसांचा ३० डॉलर, वर्षाचा ४७ डॉलर, वर थोडा व्यवहार आकार. राज्याच्या वन्यजीव आयोगाच्या ऑनलाइन सेवेवर तो काही मिनिटांत मिळतो. फ्लोरिडावासीयांना किनाऱ्यासाठी मोफत परवाना असतो, तो आपल्याला लागू नाही. परवानाधारक चार्टर बोटीवर गेलात तर मात्र वेगळा काढायला नको, कॅप्टनच्या परवान्यात तुम्ही येता. जिवंत क्वीन कॉंक शंख उचलायला सक्त मनाई आहे. ज्या जिवावरून ते ‘प्रजासत्ताक’ ओळखलं जातं, तोच तिथे धरता येत नाही.

स्वतः बोट चालवायची असेल, इंजिन १० हॉर्सपॉवर किंवा जास्त असेल आणि तुमचा जन्म १ जानेवारी १९८८ ला किंवा नंतरचा असेल, तर बोट सुरक्षेचं ओळखपत्र लागतं. चार दिवसांच्या पाहुण्यासाठी ९० दिवसांचं तात्पुरतं प्रमाणपत्र ऑनलाइन परीक्षा देऊन मिळतं. ही परीक्षा हॉटेलात बसून आदल्या रात्री द्या, धक्क्यावर उभं राहून नको.

राज्य उद्यानांत एकट्याला थोडी सवलत आहे. जॉन पेनेकॅम्प आणि बाहिया होंडा या दोन्ही ठिकाणी गाडीमागे ८ डॉलर, पण गाडीत एकच माणूस असेल तर ४.५० डॉलर. काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, माणशी ५० सेंटचा अधिभार वर येतो. बाहिया होंडाला तंबू टाकायचा तर कॅलेंडर समोर ठेवून बसा. फ्लोरिडावासीयांना अकरा महिने आधी आरक्षण खुलं होतं, बाहेरच्यांना दहा महिने आधी. त्या मधल्या महिन्यात चांगल्या जागा गेलेल्या असतात. यावर उपाय एकच, रद्द झालेल्या जागांवर रोज नजर ठेवणं. एकट्या माणसाला मधली एखादी रात्र मिळून जाते.

ड्राय टोर्टुगास राष्ट्रीय उद्यान की वेस्टच्या पश्चिमेला जवळपास ७० मैलांवर आहे आणि तिथे रस्ता जात नाही. स्वतःची किंवा भाड्याची बोट नसेल तर फेरी किंवा सीप्लेन हेच पर्याय. प्रवेश फी माणशी १५ डॉलर, फेरीच्या तिकिटातच ती धरलेली असते. तंबूची जागा पहिल्या येणाऱ्याला, रात्रीचे १५ डॉलर. पण खरी अडचण फेरीत आहे, कारण तंबूवाल्यांसाठी तीत मोजक्याच जागा असतात आणि त्या फार आधी भरतात. बेटावर गोडं पाणी नाही, आपलं आपण न्यायचं. ड्रोन घरीच ठेवा, राष्ट्रीय उद्यानांत तो उडवता येत नाही.

वादळाचे महिने

१ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. याच वाटेवर १९१२ मध्ये रेल्वे की वेस्टला पोचली होती. १९३५ च्या लेबर डे वादळाने ती उखडून टाकली आणि तिच्याच पुलांच्या आधाराने बांधलेला महामार्ग १९३८ मध्ये सुरू झाला. आजही बाहेर पडायला मुख्य रस्ता हाच आहे, त्यामुळे वादळ येतंय म्हटलं की कीजचं प्रशासन, म्हणजे मनरो काउंटी, आधी पर्यटकांना निघायला सांगते, रहिवाशांना नंतर. वादळानंतर परत सोडतानाही रहिवासी पहिले. या महिन्यांत जाणार असाल तर हॉटेलचं बुकिंग करतानाच, निघण्याचा सरकारी आदेश आला तर पैसे परत मिळतात का, ते लेखी विचारून घ्या. काउंटीच्या सूचना फोनवर येतील अशी नोंदणी करा, आणि आकाश कितीही निळं दिसत असलं तरी टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.