जीएसटीची नोटीस आली तर

आमच्या सर्व व्यापारी ग्राहकांसाठी

गेल्या वर्षी आपल्यापैकीच एक कापड दुकानदार घाईघाईने कचेरीत आले. वसुलीचं पत्र थेट बँकेत गेलं होतं आणि खातं अडकलं होतं. "मला एकही नोटीस आलेली नाही हो," असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि ते खोटं बोलत नव्हते. पोर्टल उघडलं तेव्हा 'अ‍ॅडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स' या कप्प्यात तीन कागद पडलेले दिसले: आधी साधी विचारणा, मग कारणे दाखवा नोटीस, मग आदेश. नोंदणीत मोबाइल नंबर होता तो काम सोडून गेलेल्या मुनीमजींचा. सुनावणीची तारीख कधीच होऊन गेली होती.

पोर्टलवर टाकलेली नोटीस कायद्याने पोचलेली धरली जाते. म्हणून हात जोडून विनंती आहे, की नोंदणीतला मोबाइल आणि ईमेल स्वतःचा ठेवा, आणि महिन्यातून एकदा हा कप्पा उघडून पाहा. नोटीस दिसली तर घाबरू नका, पण ती दाबूनही ठेवू नका. छाननीच्या नोटिशीला (एएसएमटी-10) साधारण 30 दिवस मिळतात, तर विवरणपत्रांतल्या तफावतीच्या विचारणेला (डीआरसी-01बी, 01सी) फक्त सात. या सात दिवसांच्या विचारणेला उत्तर गेलं नाही तर पुढचं जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरणपत्र) भरता येत नाही आणि तुमच्या गिऱ्हाइकांचं क्रेडिटही (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) अडकतं.

नोटिशीत आधी कलम बघायचं. 2023-24 पर्यंतच्या वर्षांसाठी कलम 73 म्हणजे चूक आणि कलम 74 म्हणजे लबाडी किंवा लपवाछपवी. 2024-25 पासून दोन्हींसाठी एकच कलम, 74अ, पण आतला फरक तसाच आहे. पुढे दिलेली 60 दिवसांची मुदत 74अ ची आहे; 73 आणि 74 मध्ये ती 30 दिवसांची आहे. चूक असेल आणि नोटिशीनंतर 60 दिवसांत कर व्याजासह भरला, तर दंड लागत नाही. (गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर भरायचाच राहिला असेल, तर मात्र ही सवलत नाही.) लपवाछपवी असेल तर नोटिशीआधी भरल्यास 15 टक्के दंड, नोटिशीनंतर 60 दिवसांत 25, आदेशानंतर 60 दिवसांत 50, आणि त्यानंतर कराइतकाच दंड. शिवाय वर्षाला 18 टक्के व्याज. म्हणून खरं काय ते आम्हाला पहिल्याच भेटीत सांगा. अर्धवट माहितीवर लिहिलेलं उत्तर पुढे अपिलात आपल्याच अंगाशी येतं.

सर्वांत जास्त वाद खरेदीच्या क्रेडिटवरून होतात. पुरवठादाराने कर भरला नाही, तर विभाग खरेदीदाराचं क्रेडिट नाकारतो. प्रामाणिक माणसाला हे फार लागतं आणि आम्हालाही ते अन्यायाचं वाटतं, पण ही गोष्ट नवी नाही. व्हॅटच्या काळात याच तऱ्हेची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने 2012 साली वैध ठरवली होती. माल खरोखर आला हे दाखवायला नुसतं बिल पुरत नाही. ई-वे बिल, ट्रान्सपोर्टची बिल्टी, काट्याची पावती आणि बँकेतून पैसे दिल्याची नोंद, हे सगळं एकाच फाइलीत लावा. पुरवठादाराला 180 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं.

आणि मालाशिवाय नुसतं बिल घेऊ नका. दोन-चार टक्क्यांत बिल देणारा माणूस पुढे सापडत नाही, सापडता ते तुम्ही. करचोरीची रक्कम दोन कोटींच्या वर गेली तर अटकेची वेळ येऊ शकते. असं बिल घेतलेल्या ग्राहकाचं काम आम्ही कर भरून प्रकरण मिटवण्यापुरतंच घेतो, ते खरं ठरवण्यासाठी घेत नाही.

अधिकारी दुकानात आले तर त्यांचा अधिकारपत्राचा कागद (आयएनएस-01) बघायला मागा, चहा-पाणी विचारा, वाद घालू नका. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. त्याच बैठकीत चेक देण्याची सक्ती नाही; तपासणी चालू असताना दबाव टाकून कर भरून घेऊ नये, अशी केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाची 25 मे 2022ची सूचना आहे. 'साहेबांना सांभाळून घेतो' म्हणणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नका. कर पोर्टलच्या चलनानेच भरला जातो. कोणी लाच मागितली, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा नंबर आहे.

विरोधात निर्णय द्यायचा असेल, तर सुनावणी देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. तरीही उत्तरात आम्ही ती लेखी मागतोच. आदेश मान्य नसेल तर तीन महिन्यांत अपील करायचं, त्यासाठी वादातल्या कराच्या 10 टक्के रक्कम आधी भरायची. मग बाकीची वसुली थांबते. उशिराचं कारण पटलं तर आणखी एक महिना मिळतो, पण त्यापुढे अपील अधिकाऱ्यालाही मुदत वाढवता येत नाही. कापड दुकानदारांचा हा महिनाही हातचा गेला होता.

येताना नोटिशीची पूर्ण प्रत (फक्त पहिल्या पानाचा फोटो नको), त्या वर्षाची खरेदी-विक्रीची रजिस्टरं, बँकेचं स्टेटमेंट आणि वरची फाइल आणा. नोटीस दिसल्याच्या दिवशीच फोन करा, संध्याकाळ झाली असली तरी.