मनोराज्यातली कुरकुर

ग्लॉकॉनची तक्रार जेवणाबद्दल होती. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये सॉक्रेटिस गप्पांच्या ओघात एक नगर वसवत असतो. शेतकरी, गवंडी, चांभार, विणकर असे सगळे तिथे आपापलं काम करतात, जवाच्या-गव्हाच्या भाकऱ्या खातात, थोडी वाइन पितात आणि देवाची गाणी म्हणतात. प्लेटोचा सख्खा भाऊ ग्लॉकॉन मध्येच विचारतो, या लोकांना तोंडीलावणं काही आहे की नाही? अरे हो, विसरलोच, असं म्हणत सॉक्रेटिस मीठ, ऑलिव्ह, चीज, कांदे, अंजीर, हरभरे वाढतो. ग्लॉकॉनचं तेवढ्यानं भागत नाही. डुकरांचं नगर वसवलं असतंस तर त्यांना याहून वेगळं काय घातलं असतंस, असं तो विचारतो. मग चैनीचं नगर येतं, चैनीला पुरी पडावी म्हणून शेजाऱ्याची जमीन, जमिनीसाठी लढाई, लढाईसाठी सैनिक आणि शेवटी सगळ्यांवर राज्य करायला तत्त्ववेत्ते. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातल्या या ग्रंथाचा सगळा डोलारा एका माणसाच्या जेवणावरच्या कुरकुरीवर उभा आहे.

आदर्श समाजाच्या गोष्टी त्यानंतर ढिगानं लिहिल्या गेल्या. अशी गोष्ट हातात आली की मी आधी तिच्यातला ग्लॉकॉन शोधतो. बहुतेक वेळा तो सापडत नाही. पाहुणा विचारतो, यजमान सांगतो, पाहुणा थक्क होतो, पुढचं प्रकरण.

या प्रकाराला नाव दिलं टॉमस मोर या लंडनच्या वकिलानं. १५१५ साली तो राजाच्या कामासाठी फ्लँडर्सला गेला होता. वाटाघाटी रेंगाळल्या. रिकाम्या वेळात अँटवर्पचा मित्र पीटर गाइल्स याच्या संगतीत त्याला एका बेटाचं वर्णन सुचलं आणि १५१६ मध्ये लूव्हेनला ‘युटोपिया’ हे लॅटिन पुस्तक छापून आलं. ग्रीक धातूंवरून बनवलेल्या या शब्दाचा अर्थ ‘कुठेच नसलेली जागा’. बेटावरच्या नदीच्या नावाचा अर्थ ‘पाणी नसलेली’, राज्यप्रमुखाच्या पदवीचा ‘प्रजा नसलेला’, आणि हे सगळं सांगणाऱ्या खलाशाचं आडनाव जवळजवळ ‘बाताड्या’. मराठीत आपण ‘मनोराज्य करत बसू नकोस’ म्हणतो त्यातली थट्टा मोरनं पुस्तकाच्या नावातच घालून ठेवली होती.

पुस्तकाला जोडलेली पत्रं मला मूळ मजकुराइतकीच आवडतात. बेटावरच्या एका पुलाची लांबी पाचशे पावलं की तीनशे, याबद्दल मोर गंभीरपणे शंका काढतो. बेट नेमकं कुठे आहे हे विचारायचंच राहिलं, याची त्याला लाज वाटते. त्यावर गाइल्स लिहितो की खलाशानं ते सांगितलं होतं, पण नेमक्या त्याच वेळी नोकर मोरच्या कानाशी लागला आणि सोबतच्या एकाला मोठ्यानं खोकला आला. जगातल्या सर्वोत्तम राज्याचा पत्ता एका खोकल्यात हरवला.

या गोष्टींची भुरळ कशात असते ते इथेच दिसतं. नुसतं ‘संपत्तीचा लोभ वाईट’ म्हटलं तर कीर्तनात बसल्यासारखं वाटतं. मोर तसं म्हणत नाही. त्याच्या बेटावर सोन्याची शौचाची भांडी करतात, सोन्याच्याच बेड्या गुलामांच्या पायात घालतात आणि मोती-हिरे पोरांना खेळायला देतात. परदेशचे राजदूत सोन्याने मढून येतात तेव्हा एक मुलगा आईला कोपरानं ढोसून म्हणतो, एवढा घोडा झाला तरी मोती घालून फिरतोय बघ. आई त्याला गप्प करते, की तो राजदूताचा विदूषक असेल. हे वाचल्यावर अंगावरचा दागिना थोडा वेळ तरी विचित्र वाटतो. पहिल्या भागातला इंग्लंडही असाच डोळ्यांसमोर उभा राहतो. लोकरीच्या फायद्यासाठी जमीनदार शेतं कुंपणात घेताहेत, कुळं रस्त्यावर येताहेत, भुकेपोटी चोरी करणाऱ्याला फाशी होते आहे. मेंढरं माणसं खाऊ लागली, हे मोरचं चित्र त्यातलंच. ‘असंच चालायचं’ हे वाक्य मोडायचं तर दुसरं काहीतरी चालताना दाखवावं लागतं.

आता दुसरी बाजू. बेटावर चौपन्न शहरं आहेत आणि एक पाहिलं की सगळी पाहिली. दिवसाला सहाच तास काम, पण परगावी जायचं तर परवानगीचं पत्र हवं. दुसऱ्यांदा पत्राशिवाय सापडलात तर गुलामी. जनावरं कापणं आणि स्वयंपाकघरातली घाणेरडी कामं गुलामांकडे. शेवटी मोर, म्हणजे पुस्तकातलं मोर नावाचं पात्र, मनात म्हणतो की यातल्या कितीतरी गोष्टी मला चमत्कारिक वाटल्या. पण खलाशी बोलून दमलेला आहे आणि त्याला विरोध खपेल की नाही कोण जाणे, म्हणून तो काही बोलत नाही. त्याचा हात धरून त्याला जेवायला घेऊन जातो. ग्लॉकॉननं जेवणावरून वाद काढला होता, मोरनं वाद टाळायला जेवण काढलं. पुस्तकात भिन्न धर्ममतं गुण्यागोविंदानं नांदतात. लेखक पुढे इंग्लंडचा चॅन्सेलर झाला तेव्हा मात्र त्याच्या कारकिर्दीत धर्मद्रोहाच्या आरोपाखाली माणसं जाळली गेली. आणि १५३५ मध्ये, राजाला चर्चचा प्रमुख मानायला नकार दिल्याबद्दल, त्याचंही डोकं उडवलं गेलं.

पुढच्या शतकातल्या इटलीच्या कांपानेल्ला आणि इंग्लंडच्या बेकन या लेखकांकडेही बेटं आणि बंदिस्त नगरंच आहेत. नकाशातल्या रिकाम्या जागा भरत गेल्या तशी ही मंडळी काळाकडे वळली. फ्रान्समधल्या मर्सिए यानं १७७१ मध्ये आपलं आदर्श पॅरिस थेट २४४० सालात नेऊन ठेवलं. १८८८ मध्ये आलेल्या कादंबरीत अमेरिकेच्या एडवर्ड बेलामीचा नायक १८८७ साली बॉस्टनमध्ये झोपतो आणि २००० साली जागा होतो. दुकानात कार्डावर खरेदी होते, टेलिफोनच्या तारेवरून घरात संगीत येतं, आणि एकवीस ते पंचेचाळीस वयाचे सगळे नागरिक ‘औद्योगिक सैन्या’त भरती असतात. पुस्तक तुफान खपलं, त्यातल्या योजना राबवायला गावोगावी मंडळं निघाली.

इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस मात्र चिडला. समाजवादी तोही होता, पण ही बराक त्याला नको होती. १८९० मध्ये त्यानं उत्तरादाखल स्वतःचं मनोराज्य लिहिलं. त्यात लंडनच्या पार्लमेंटची इमारत शेणखताचं कोठार झाली आहे. मॉरिसचा मोठेपणा मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. टेम्सच्या काठी त्याच्या नायकाला एक म्हातारा भेटतो, जो कुरकुरतो. जुन्या काळच्या कादंबऱ्यांत काय जोर होता, आता सगळेच सुखी झाल्यावर लिहिणार काय, असं त्याचं म्हणणं. नात त्याला तिथल्या तिथे गप्प करते. पण या सगळ्या साहित्यप्रकाराची सर्वांत मोठी उणीव मॉरिसनं आपल्याच पुस्तकात, एका पात्राच्या तोंडून वदवून घेतली.

आपल्याकडचं उदाहरण बंगाली लेखिका बेगम रुकैयांचं. पती सखावत हुसेन, डेप्युटी मॅजिस्ट्रेट, फिरतीवर असताना वेळ घालवायला त्यांनी इंग्रजीत ‘सुलतानाज ड्रीम’ लिहिली. १९०५ मध्ये ती मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये आली. तिच्यातल्या देशात बायका राज्य करतात, पुरुष लढाई हरल्यापासून ‘मर्दान्या’त कोंडलेले. प्रयोगशाळेचं काम बायका दोन तासांत उरकतात, कारण त्या पुरुषांसारख्या चिरूट ओढत बसत नाहीत. इथेही कुरकुर आहे, आणि ती फार मजेची. लढाई सैनिक हरले, आमची काय चूक, आम्हाला कामावर परत घ्या, असा अर्ज पोलिस कमिशनर आणि मॅजिस्ट्रेट राणीकडे करतात. राणी परिपत्रक काढते: गरज लागली तर बोलावू, तोवर जिथे आहात तिथेच राहा. रुकैयांच्या खुद्द मॅजिस्ट्रेट नवऱ्यानं उभ्याउभ्याच ही गोष्ट वाचली आणि म्हणाला, भयंकर सूड! हा सूड आहे हे गोष्ट लपवत नाही, म्हणून ती आजही ताजी वाटते.

घाण कोण काढणार, हा प्रश्न मात्र या पुस्तकांना सारखा छळतो. जातीच्या देशात वाचणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. संत रविदासांच्या पदातल्या बेगमपुऱ्यात, म्हणजे बे-गम नगरात, दुःख नाही, कर नाही, दुय्यम-तिय्यम कोणी नाही आणि हवं तिथे फिरायला कुणाची आडकाठी नाही. चामड्याचं काम करणाऱ्या कवीला ‘हवं तिथे फिरणं’ आधी आठवावं आणि वकील मोरला परवानगीचं पत्र, यात बरंच काही आलं. बेलामीनं निदान उत्तर शोधलं: काम जितकं नकोसं, तितके तास कमी. १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी ‘वॉल्डन टू’ या कादंबरीत तेच पुढे नेलं. गटार साफ करणाऱ्याला तासाला जास्त श्रमगुण, फुलांच्या वाफ्यात काम करणाऱ्याला कमी. सरासरी रोजचे चार तास. तिथे वर्तन लहानपणापासूनच असं घडवतात की कुरकुर उगवूच नये.

ज्या पुस्तकांत कुरकुरणाराच नायक होतो त्यांना आपण डिस्टोपिया म्हणतो. रशियन झाम्यातिनची ‘आम्ही’ १९२४ मध्ये इंग्रजी अनुवादात आली, सोव्हिएत संघात छापायला १९८८ उजाडलं. मनोराज्य आणि डिस्टोपिया या दोन्हींच्या मधोमध उर्सुला ली ग्विन यांची १९७४ची ‘द डिस्पझेस्ड’. तिच्यातल्या अनारेस या ग्रहावर सरकार नाही, तुरुंग नाही, मालकी नाही. पण तिरिन नावाचा एकजण समाजाची टर उडवणारं नाटक लिहितो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नापसंतीनंच हळूहळू मोडत वेड्यांच्या इस्पितळात पोचतो. त्याला कोणी अटक केलेली नाही.

स्किनरच्या कादंबरीवरून १९६७ मध्ये व्हर्जिनियात खरोखरच ‘ट्विन ओक्स’ नावाची वसाहत उभी राहिली. ती आजही चालते. झोपाळे आणि टोफू विकून तिनं वर्षानुवर्षं गुजराण केली. श्रमगुणांची पद्धत टिकली, वर्तन घडवण्याचा नाद सुटला. कादंबरीतले रोजचे चार तास काही जमले नाहीत. घरकाम आणि मुलं सांभाळणं धरून आठवड्याचे चाळीसेक तास भरावे लागतात. संस्थापकांपैकी कॅट किंकेड यांनी १९९४ मध्ये तिथल्या अनुभवावर पुस्तक लिहिलं. एसटीत बसलेल्या पोरानं ‘आलं का गाव?’ म्हणून विचारावं तसं त्याचं नाव आहे: ‘आला का युटोपिया?’