कन्फर्मेशन घेऊन एन्ट्री आणि पळत्या भावामागे एन्ट्री

दोन जण सांगतात, 'कन्फर्मेशन बघूनच घेतलं.' कन्फर्मेशन म्हणजे भाव वर जाऊन तिथे टिकतोय याची खात्री. त्यांचे ट्रेड शेजारी ठेवले की बऱ्याचदा एकच जण थांबलेला निघतो, दुसरा पळत्या भावामागे धावलेला असतो. गोंधळ होणं साहजिक आहे. दोघांनीही अडथळ्याच्या, म्हणजे आधी जिथून भाव मागे फिरला होता त्या पातळीच्या वर, थोडं महागातच घेतलेलं असतं आणि दोघांच्याही चार्टवर हिरवी कॅन्डल, म्हणजे ठरावीक वेळेत भाव चढल्याचं दाखवणारी पट्टी दिसते.

२०२४च्या उन्हाळ्यातला निफ्टी, म्हणजे एनएसईवरच्या ५० मोठ्या शेअर्सचा निर्देशांक, यासाठी मुद्दाम उघडून पाहावा. १० एप्रिलला तो २२,७७५पर्यंत गेला, ३० एप्रिलला २२,७८३पर्यंत आणि ३ मे रोजी २२,७९४पर्यंत. दर वेळी नवा उच्चांक, पण आधीच्यापेक्षा जेमतेम आठ ते अकरा अंक वर. ३ मे रोजी उच्चांक दिसताच ज्याने निफ्टीचा ईटीएफ (निर्देशांकामागे चालणारा, शेअरसारखा विकत घेता येणारा फंड) किंवा फ्युचर (पुढच्या तारखेचा सौदा) घेतला, त्याला त्याच दिवशी निफ्टी २२,४७५वर बंद झालेला पाहावा लागला. उच्चांक मोडला होता, पण त्या भावाला घेणारे टिकले नव्हते.

थांबणाऱ्याची अट साधी असते: दिवसाची कॅन्डल २२,८००च्या वर बंद झाली तरच घ्यायचं. २३ मे रोजी निफ्टी एका दिवसात ३७० अंक चढला, २२,९६७वर बंद झाला आणि अट पुरी झाली. थांबण्यासाठी जवळपास १७० अंक जादा मोजावे लागले. नवख्याला हेच टोचतं. पण त्या पैशात आधीचे फसवे ब्रेकआउट (अडथळा मोडून वर जाणं) टळले, आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे बाहेर पडायची जागाही त्याच अटीतून मिळाली. २२,८००च्या खाली बंद झाला की आपला अंदाज चुकला.

तशी वेळ आलीही. २९ मे रोजी निफ्टी २२,७०४वर बंद झाला. २६३ अंकांचा, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आतला तोटा. कन्फर्मेशन मिळालेला ट्रेडही फसतो, आणि क्लोजिंग पाहून बाहेर पडणाऱ्याला २२,८००च्या रेषेपेक्षा थोडा जास्त फटका बसतो. हे आधीच माहीत असेल तर क्वांटिटी त्या हिशोबाने धरता येते.

आता दुसरा प्रकार, पळत्या भावामागची एन्ट्री. ३१ मे रोजी, शुक्रवारी, निफ्टी २२,५३०वर बंद झाला. शनिवारी संध्याकाळी लोकसभा निवडणुकीचे एक्झिट पोल आले आणि सोमवारी, ३ जूनला, बाजार थेट २३,३००च्या वर उघडला. सव्वानऊला घेणारा म्हणाला, 'अडथळा तर तुटलाच, आणखी काय कन्फर्मेशन हवं?' त्याला एकच प्रश्न विचारावा: स्टॉपलॉस, म्हणजे तोटा मान्य करून बाहेर पडायचा भाव, कुठे लावलास? हाताशी असलेला आधार म्हणजे शुक्रवारचा बंद भाव, आणि तो जवळपास आठशे अंक खाली. त्या दिवशी निफ्टी बंदही २३,२६३वर झाला, म्हणजे क्लोजिंगची अटसुद्धा कागदावर पुरी झाली. तरी ज्याने चुकण्याची जागा आधी मोजली असती, त्याने एवढं अंतर आणि दुसऱ्या दिवशीची मतमोजणी पाहून हा ट्रेड सोडून दिला असता. ४ जूनला निफ्टी २१,२८१पर्यंत घसरला आणि २१,८८४वर बंद झाला.

पुढे ७ जूनला तो पुन्हा २३,२९०वर बंद झाला. धावण्याची सवय सुटत नाही ती इथे. वाईट एन्ट्री कधी कधी बाजार माफ करतो, आणि माणूस ती चांगली होती असं धरून चालतो.

धावणाऱ्याला रोज एखादा पळणारा शेअर सापडतोच. बाजाराची नियामक संस्था सेबीने जुलै २०२४मध्ये रोख बाजारातल्या इंट्राडेचा, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याचा, अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२-२३मध्ये १० पैकी ७ जण तोट्यात होते, आणि वर्षाला ५००हून अधिक ट्रेड करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के होतं. जास्त ट्रेड म्हणजे जास्त संधी, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

एकेका शेअरमध्ये आणखी दोन गोष्टी पाहता येतात. ब्रेकआउटच्या दिवसाचा व्हॉल्यूम (किती शेअर्सचे व्यवहार झाले) गेल्या काही आठवड्यांच्या मानाने ठळक हवा, आणि बाजार बंद झाल्यावर एनएसई डिलिव्हरीचे, म्हणजे त्याच दिवशी न विकता प्रत्यक्ष घेतलेल्या शेअर्सचे आकडे देते, तेही पाहावेत. पंधरा मिनिटांची कॅन्डल दहाव्या मिनिटाला कितीही भक्कम दिसो, ती अजून बनतेय. तिच्यावर घेतलेली एन्ट्री घाईचीच. ऑर्डर टाकण्याआधी 'कशासाठी थांबलो होतो आणि कुठे चुकलो म्हणेन' ही दोन उत्तरं वहीत आकड्यांत लिहिता आली नाहीत, तर तो ट्रेड दुसऱ्या प्रकारातला, पळत्या भावामागचा समजावा.

आणि सुटलेल्या ट्रेडचं काय? जुन्या अडथळ्याच्या भावावर अलर्ट लावावा. भाव तिथे परत येऊन टिकला तर दुसरी एन्ट्री मिळते, तीही जवळच्या स्टॉपलॉससह. नाही आला, तर यादीतला पुढचा शेअर पाहावा.