निम्मा ऑर्गन भिंतींत असतो

नाट्यसंगीतावर पोसलेल्या गोव्यात ‘ऑर्गन’ म्हटलं की आधी पायपेटी आठवते. तिच्यात पितळेची रीड थरथरते. चर्चमधला पाइप ऑर्गन मात्र बहुतांशी बासरीच्या जातीचा. एका नळीचा एकच सूर, म्हणून नळ्या शेकड्यांनी, मोठ्या वाद्यात हजारांनी.

भात्यातली हवा नळीच्या पायातून शिरते, अरुंद फटीतून पातळ पापुद्र्यासारखी वर येते आणि समोरच्या ओठाच्या धारेवर आदळते. हा झोत क्षणात नळीच्या आत, क्षणात बाहेर झुकतो आणि आतली हवा कंप पावते. दाब लागतो तो जेमतेम ५० ते १०० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा. फुगा फुगवायला याहून जास्त जोर लागतो. दोन्ही तोंडं उघडी असलेली १६ फुटी नळी सुमारे ३३ हर्ट्झचा खर्ज देते. वरचं तोंड बुजवलं तर तोच सूर ८ फुटांत मिळतो. पत्रा वाचतो, पण मूळ सुराच्या दुप्पट, चौपट कंपनांचे असे सम उपस्वर जवळजवळ गळतात आणि नाद पोकळ लागतो.

पण एवढ्याने ऑर्गन ऐकला असं होत नाही. बाकीचं काम इमारत करते. ओल्ड गोव्याचं से कॅथेड्रल घ्या: १५६२ साली बांधायला घेतलं, १६१९ मध्ये पुरं झालं, लांबी सुमारे ७६ मीटर. अशा उंच, टणक वास्तूत सूर सोडला तरी घुमारा रेंगाळतो. किती, त्याचा हिशेब सोपा आहे. घनमीटरमधल्या आकारमानाला ०.१६ ने गुणायचं आणि आतल्या एकूण ध्वनिशोषणाने भागायचं. समजा, चर्च १०,००० घनमीटरचं आहे आणि शोषण ३०० चौरस मीटर उघड्या खिडकीइतकं. घुमारा ५.३ सेकंद. फेस्ताला ५०० माणसं आली, माणशी अर्धा चौरस मीटर धरला, तर शोषण ५५० आणि घुमारा २.९ सेकंदांवर! रिकाम्या चर्चमध्ये तालीम करून लय संथ ठेवलेल्या वादकाची इथेच फसगत होते. सुरांमधली जी फट घुमाऱ्याने भरायची, ती उघडी पडते.

बसायचं कुठे? अगदी नळ्यांखाली नको. तिथे झडपांची खटखट ऐकू येते आणि जवळच्या नळ्या बाकीच्यांना झाकून टाकतात. मधल्या बाकांवर बसा. तिथेही खर्ज फिका वाटला तर अडीच-तीन मीटर सरकून पाहा. ३३ हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेदहा मीटरच्या आसपास असते. भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून कुठे खर्ज फुगतो, कुठे बसतो, आणि फुगलेली जागा बसलेल्या जागेपासून लहरीच्या पाव लांबीवर असते.

गोव्यात वाद्याचा खरा शत्रू हवामान. तापमान १० अंशांनी चढलं की बासरीसारख्या नळ्या अर्धस्वराच्या पाव भागाहून थोड्या जास्त चढतात, कारण गरम हवेत ध्वनी वेगाने जातो. याच वाद्यात रीड असलेल्याही काही नळ्या असतात, त्या जवळपास जागच्या जागी राहतात. दुपारी दोन्ही एकत्र वाजवल्या तर बेसूर होणारच. म्हणून सूर लावायचे ते कार्यक्रमाच्या वेळच्याच तापमानात, पंखे आणि दिवे तेवढेच चालू ठेवून.

पावसाळ्यात लाकूड फुगतं, झडपेचं चामडं चिकटतं आणि पट्टी सोडली तरी एखादा सूर वाजतच राहतो. मिस (चर्चमधली प्रार्थना) चालू असताना नळी ओढून काढायच्या फंदात पडू नये. शिसं-कथिलाचा मऊ पत्रा बोटांनीही चेपतो आणि चेपलेला ओठ सूर बिघडवतो. त्या नळीच्या रांगेची वादकाजवळची खुंटी आत ढकलून ती रांग बंद करायची, बाकीच्यांवर निभावून न्यायचं आणि झडप नंतर नळ्यांखालची हवेची पेटी उघडून पाहायची. उघडल्यावर चामड्याआधी वाळवी बघा.